उठतं-बसतं टेबल

थोरला टेबलाखाली उताणा पडला होता आणि मनातल्या मनात खूश होत होता. वर सगळे टेबलाचं कौतुक करत होते. खाली त्याला हवं ते सापडलं होतं.

टेबल त्याच्या धाकट्या भावाचं. धाकट्याचं काम कॉम्प्युटरवरचं. दिवसभर बसून बसून कंबर धरली, तेव्हा त्याने हे टेबल करायला घेतलं. बटण दाबलं की वर जाणारं, उभ्याने काम करता येईल असं. पुन्हा दाबलं की गुमान खाली येणारं. मोटर बसवलेले पाय तयार मिळाले. वरचा भाग मात्र घरीच घडवला. जाड फळ्यांचा उथळ खोका, त्याच्या पोटात अख्खा कॉम्प्युटर आणि वर काच. काचेखाली पंखे गरगरताना दिसत. काम चालू होतं तेव्हापासून घरी येणारा आधी टेबल खालीवर करून बघे आणि मग धाकट्याच्या बायकोला 'कशी आहेस' विचारी.

एवढ्याने थोरल्याच्या पोटात दुखलं नसतं. सुतार तो होता. वडिलांचा कारखाना तो चालवत होता. धाकट्याला खिळा सरळ ठोकता येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. जिव्हारी लागलं ते वेगळंच. हे टेबल बाबांनी धाकट्याच्या जोडीने केलं होतं.

त्याच बाबांनी मागच्या वर्षी कारखान्यात येणं बंद केलं होतं. "भुसा सोसत नाही आताशा," म्हणाले. थोरल्याने खरं मानलं. धूळ बाहेर फेकणारा मोठा पंखा बसवून घेतला. तरी बाबा आले नाहीत. मग एकदा बायकोने सहज सांगितलं, "बाबा रोज दुपारी भाऊजींकडे जातात. परत येतात तेव्हा भुवयांवर भुसा असतो." आणि हसून वर म्हणाली, "तिकडचा भुसा मानवतो वाटतं त्यांना."

तो हसला नाही. लहानपणापासून बाबांच्या हाताखाली तो राबला होता. तो पटाशी धरायला शिकत होता तेव्हा धाकटा पुस्तकात डोकं खुपसून बसलेला असायचा. थोरल्याने काही घडवलं की बाबा त्यावरून बोट फिरवत आणि 'हं' म्हणत. संपलं. त्या 'हं'साठी त्याने उमेदीची वर्षं घातली. आणि परवा धाकटा फोनवर सांगत होता, "दादा, बाबा काय खुललेत म्हणून सांगू. काही चुकलं तरी हसतात."

चुकलं तरी हसतात. थोरल्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आज टेबल पुरं झालं म्हणून धाकट्याने सगळ्यांना बघायला बोलावलं होतं. थोरला आल्या आल्या खाली शिरला. सुताराने सुतारकाम खालूनच बघायचं असतं. कोपऱ्यातला सांधा नीट मिळाला नव्हता. गोंदात भुसा कालवून फट बुजवली होती. करवत रेघ सोडून भलतीकडेच भरकटली होती. हवेसाठी पाडलेली भोकं एका ओळीत नव्हती. त्याने प्रत्येक खोट बोटाने चाचपून पाहिली.

तो बाहेर आला आणि कपडे झटकले. दोघी जावा, शेजारी, बाबा, सगळे त्याच्याकडे बघत होते. या घरात लाकडाबद्दल शेवटचा शब्द त्याचाच.

"वरून झकास आहे," तो म्हणाला. "पण खालचं काम ज्याने केलंय ना, त्याला मी माझ्या कारखान्यात झाडू मारायलाही ठेवणार नाही."

धाकट्याचे कान लाल झाले. त्याने एकदा बाबांकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाला, "माझाच हात हलला, दादा. बाबा सांगत होते, मीच ऐकलं नाही." मग चहाचं निमित्त करून तो स्वयंपाकघरात गेला. त्याच्यामागे एकेक करून बाकीचेही सटकले.

थोरल्याला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. पण झाला, थोडा.

खोलीत बाबा तेवढे राहिले. उजवा हात खिशात घालून ते टेबलाकडे बघत होते.

"तो खोटं बोलला," ते म्हणाले. "सांधा मी कापलाय. भोकंही माझीच."

त्यांनी हात खिशातून काढून काचेवर ठेवला. बोटं काचेवर टकटक वाजू लागली आणि थांबेचनात. बाबांनी दुसऱ्या हाताने ती दाबून धरली, एखाद्या वांड पोराला धरावं तशी.

थोरला त्या बोटांकडे बघत म्हणाला, "मग कारखान्यात यायचं ना, बाबा. मी होतो की. तुम्ही नुसतं सांगितलं असतं, मी कापून दिलं असतं."

"म्हणून तर नाही आलो," बाबा म्हणाले. "याला सरळ कळत नाही न् वाकडं कळत नाही. मी काहीही कापलं तरी हा आपला 'वा बाबा' म्हणतो. तुझं तसं नाही. नजर मीच दिली ना तुला. तिच्यासमोर हे हात घेऊन कसा येऊ?"