जिन्याखाली एकोणीस अंश

"एकोणीस!" नवऱ्याने कागद सुतारापुढे नाचवला. "आठ दिवस, चार जागा, सकाळ-संध्याकाळ. बायको प्रयोगशाळेत आहे माझी. हिचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वाइन बार जिन्याखालीच होणार."

सुताराने कागद वाचल्यासारखे केले. चष्मा त्याच्या खिशातच होता.

ती स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. तापमानाच्या नोंदींचा तो कागद तिचाच. दर्शनी खोली: कमाल एकोणतीस, किमान सतरा. जेवणाची खोली: सत्तावीस, अठरा. वरच्या खोलीचे तर विचारायलाच नको. आणि जिन्याखाली: कमाल एकोणीस, किमान साडेसतरा. आठ दिवसांत दीड अंशाचा फरक. ऊन नाही, हादरा नाही. वाइनला जे जे लागते ते सगळे तिथे होते.

तिलाही तेच लागत होते. सहाला घरी आली की चपला काढायची आणि जिन्याखालच्या जुन्या खुर्चीत जाऊन बसायची. अर्धा तास. दिवा नाही, फोन नाही, डोळे मिटलेले. नवरा तेव्हा फिरायला गेलेला असे, त्यामुळे त्याला माहीत नव्हते. लपवलेही नव्हते, सांगण्यासारखे त्यात काही नव्हते, एवढेच. दिवसभर लोकांच्या पिण्याचे पाणी तपासायचे आणि घरी येऊन पुन्हा कामाला लागायचे, यांच्या मधे तो अर्धा तास होता म्हणून निभत होते.

आकडे कुठे चालले आहेत ते चौथ्याच दिवशी तिच्या लक्षात आले होते. एकोणीसच्या जागी सव्वीस लिहायला कितीसा वेळ लागतो? पेन्सिल कागदावर टेकवून ती बराच वेळ उभी राहिली. मग एकोणीस लिहिले. दुसरे काही लिहायची तिच्या हाताला सवयच नव्हती.

"जागा नुसती पडून आहे हो," नवरा सांगत होता. "एक मोडकी खुर्ची आहे, ती देऊन टाकू. मागे बाटल्यांचं कपाट, पुढे काउंटर. हे असं."

त्याच्या हातात मासिकातून कापलेले चित्र होते, घड्यांवर पांढरे पडलेले. निवृत्त होऊन त्याला तीन महिने झाले होते. त्याआधी अकरा वर्षे ते चित्र त्याच्या पाकिटात होते. म्हणून तर तिला तोंड उघडता येत नव्हते. काय म्हणणार? तिथे मी बसते? बसायला घरात सात खुर्च्या होत्या.

"बघू तरी," म्हणत सुतार जिन्याखाली शिरला. शिरला म्हणजे निम्मा शिरला. डोके आपटले, गुडघा टेकला, टेप अर्धीच उलगडली आणि तो तसाच वाकलेला थांबला. एक हात हळूहळू कंबरेवर गेला. पन्नाशी उलटलेला माणूस. कपाट, कप्पे, काउंटर. निदान आठ दिवस याला असेच दुमडून काम करावे लागणार, असा तिने अंदाज बांधला. त्यानेही तोच बांधला असावा.

"साहेब," आतून आवाज आला, "भिंतीला ओल आहे."

"ओल?"

"चांगलीच. लाकूड फुगणार. वर्षभरात कपाटाची दारं लागायची नाहीत, मग मलाच शिव्या घालाल."

तो मागे सरकत बाहेर आला. उभे राहायला त्याला कठड्याचा आधार घ्यावा लागला.

भिंत कोरडी ठणठणीत होती. रोज तिचे डोके त्याच भिंतीला टेकलेले असायचे. सुतार तिच्याकडे बघतही नव्हता. त्याने तिच्यासाठी काही केले नव्हते. तो स्वतःची कंबर वाचवत होता.

नवऱ्याने कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. "आर्द्रता छप्पन्न लिहिली आहेस तू. ओल आहे का गं तिथे?"

सुतार टेप गुंडाळत होता. एवढीशी टेप गुंडाळायला एवढा वेळ लागत नाही.

"छप्पन्न हवेचं आहे," ती म्हणाली. "भिंतीच्या आतलं मी मोजलेलं नाही."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तरी कोरडे झालेले हात ती पुन्हा पुसू लागली.

"मग मोज की."

"भिंत फोडावी लागेल," सुतार लगेच म्हणाला. "आणि एकदा फोडली की आत काय निघेल ते आपल्या हातात नाही."

"नको रे बाबा, फोडाफोड नको."

मग सगळे दर्शनी खोलीत आले. खिडकीतून ऊन थेट समोरच्या भिंतीवर पडले होते. जाड पडदा लावा, सुतार म्हणाला, आणि एवढी हौस करायची ती जिन्याखाली लपवायला का? नवऱ्याला ते पटले. भिंतीवर चित्र धरून तो मागे सरकला, पुढे आला, पुन्हा मागे सरकला.

"स्टुलं किती करू?"

"दोन." नवरा तिच्याकडे वळला. जरा चाचरलाच. "एक तुझं. संध्याकाळचं फिरणं आता बंदच करावं म्हणतो, गुडघे कुरकुरतात. तू आलीस की सहाला बसत जाऊ दोघं. येशील ना?"

तिने त्याच्याकडे पाहिले. या तीन महिन्यांत त्या आकड्यांखेरीज त्याने तिच्याकडे काही मागितले नव्हते.

"येईन," ती म्हणाली. "साडेसहाला."

"का? सहाला काय असतं?"

"सहाला मी जिन्याखाली असते."

"जिन्याखाली? त्या ओलीत?"

सुतार घाईघाईने खाली वाकला आणि फरशीवर खुणा करू लागला.