टोपलीभर अळंब्या
नवरा वारल्यावर तिच्यापाशी त्याची रानातली अळंब्यांची जागा तेवढी उरली. त्याच्यासारखीच ती मोठ्या अळंब्या सुरीने कापायची, कोवळ्या राखायची. विश्वासाने तिने ती जागा दिराला दाखवली, आणि पठ्ठ्याने फावड्याने मुळासकट सगळं खरवडून आणलं. संध्याकाळी त्याने पाहुणे बोलावले. “वहिनी, एकदा नजर टाका,” तो ऐटीत म्हणाला. टोपलीत मधोमध एक जीवघेणी अळंबी चुरगळून पडली होती. गप्प बसावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. तेवढ्यात जावेने तवा चढवला आणि ती भानावर आली. “ही विषारी आहे. हिचा चुरा सगळीकडे लागलाय. टोपलीच फेका.” “तेवढी एकच काढा ना!” “निवडून घ्यायची सवय तुम्हाला कुठंय, भाऊजी?” पाहुण्यांदेखत तिने टोपली परसातल्या कचऱ्याच्या खड्ड्यात उलटी केली. जावेने अंडी फोडली. दीर जेवलाच नाही. तिने मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतलं.