धोंड्याचं बोलावणं

"येत नाही तो," शेषराव ओसरीवरून चौथ्यांदा म्हणाले. "'बघतो' म्हणजे नाहीच."

शालूबाईंनी कणकेची पारी हातावर घेतली, पुरणाचा गोळा आत ठेवला, तोंड बंद केलं आणि धोंडा चाळणीत मांडला. चुलीवर पाणी उकळत होतं. बाहेर ऊन असं, की कोंबड्यासुद्धा न्हाणीच्या ओल्यात जाऊन बसलेल्या.

धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो. लेक-जावयाला बोलवायचं, शेजारी शेजारी बसवून ओवाळायचं आणि पुरण भरून वाफवलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे. मोताळ्याच्या आसपास हे चुकवणारं घर सापडायचं नाही. एरवी जावयाच्या नावानं बोटं मोडणारी सासूही या महिन्यात गोड होते. मागच्या धोंड्याला लेक रेवती आणि जावई शंतनु इथंच जेवले. रेवतीनं नवऱ्याच्या ताटातला धोंडा पळवला आणि शेषरावांना हसता हसता ठसका लागला. पुढच्याच वर्षी काविळीचं निमित्त झालं. आठ दिवसांत पोरगी गेली. एकुलती एक होती हो!

शंतनु बुलढाण्याला शिक्षक. दीड वर्ष एकटा राहिला, मग त्यानं लग्न केलं. करणारच. तिशीतला माणूस किती दिवस डबा खाईल? शालूबाईंनीच त्याला सांगितलं होतं, कर म्हणून. नवी बायको श्रद्धा, साखरखेर्ड्याची. लग्नाला मात्र शालूबाई गेल्या नाहीत. पाय उचलला नाही.

आणि आता त्यांनीच फोन करून त्याला बोलावलं होतं. महिना सरत आला होता. हा शेवटचा रविवार.

"अवं, नव्या सासुरवाडीचा पहिला धोंडा हाये त्याचा," शेषराव आत येऊन म्हणाले. "तो तिकडं जाईन का इकडं येईन? पोरगी होती तवर नातं होतं. काऊन जीव जाळून राह्यली तू?"

"यंदा नाही आला, तर पुढच्या खेपेले त्याले बोलवाचं कोणाच्या ध्यानातही राहणार नाही." शालूबाई म्हणाल्या. "रेवतीच्या घरचं कोणीतरी या उंबऱ्यात यावं, एवढंच मागणं हाये माह्यं. तेही तुटलं, तर आपल्याले लेक होती हे सांगाचं कोणाले?"

शेषरावांनाही तेच बोचत होतं, फक्त ते कबूल करत नव्हते.

तेवढ्यात दारासमोर काळीपिवळी थांबली. शालूबाई पिठाच्या हातांनी तशाच बाहेर धावल्या. गाडीतून श्रद्धा उतरली. लग्नातला फोटो शंतनुनं मोबाइलवर पाठवला होता, म्हणून ओळखू आली. चेहरा घामानं डबडबलेला, हातात कपड्यांची पिशवी. गाडी धूळ उडवत निघून गेली. मागं कोणीच नव्हतं.

श्रद्धा पाया पडली. शालूबाई तिच्या डोक्यावरून रस्त्याकडेच बघत होत्या. "शंतनु कुठं हाये?"

"ते साखरखेर्ड्याला गेले. आमच्या घरी, धोंड्याला."

"म्या सांगतलं नव्हतं?" शेषराव म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

शालूबाईंना वाईट वाटलं, त्याहून संताप आला. काय बाई तरी! नवऱ्याला आपल्या माहेरी धाडायचं, आणि वर निरोप सांगायला स्वतः यायचं!

"मंग तू कायले आली इथं?" त्या कडाडल्या. "तुही माय वाट पाहत असन न. लेकीबिगर जावई ओवाळते का कोणी?"

श्रद्धाचे डोळे भरले. पण तिनं मान खाली घातली नाही.

"मायनंच धाडलं मला," ती म्हणाली. "म्हणली, जावई मी जेवू घालते. त्या घरी लेक नाही राहिली, तू तिकडं जाय."

शालूबाईंनी पिठाच्या हातांनीच तिला पोटाशी धरलं. तिच्या नव्याकोऱ्या साडीवर पांढरे पंजे उमटले. दोन वर्षांत शालूबाई एवढ्या मोकळ्या रडल्या नव्हत्या.

शेषरावांनी श्रद्धाच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. ओसरीवर येऊन उपरण्यानं नाक पुसलं, खिशातून मोबाइल काढला आणि शंतनुला फोन लावला.

"जावईबापू," ते दरडावून म्हणाले, "आठ दिवस पोरगी धाडत नाही मी. मंग न्यायले तुम्हीच या."