खिडकीपासून खुर्चीपर्यंत

टेबलावरचा संगणक सुरू केला, की वीस मिनिटांनी आपोआप बंद पडत असे. एखादे मिनिट इकडेतिकडे.

ही वहीतली पहिली नोंद. तिच्याखाली चार महिन्यांत आणखी अकरा जमल्या होत्या. वीजपुरवठ्याचा डबा बदलला, फरक नाही. मेमरीची पट्टी बदलली, फरक नाही. एका वेळी एकच बदल करायचा, हा नियम वही लिहिणाऱ्या निवृत्त निरीक्षकांनी वजनकाटे तपासण्याच्या नोकरीत उभा जन्म पाळला होता. संगणकातले मात्र त्यांना ओ की ठो कळत नव्हते. पण याच यंत्रावर पत्नीने नऊ वर्षे लोकांचे प्रबंध टंकून दिले होते, आणि ती गेल्यावर ते परक्याच्या हाती सोपवायला मन धजेना. तेव्हा जुन्या बाजारातून एक पुस्तक आणून त्यांनी सत्तराव्या वर्षी पहिल्या पानापासून सुरुवात केली. वहीत ‘कारण’ असा एक रकाना आखला होता. तो अजून कोराच होता.

त्या रविवारी सकाळी, धीर करून, त्यांनी आतला मुख्य पंखा खालच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या जाळीसकट काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि सुट्या भागांच्या दुकानात नेला.

“या काका. आज कोणाची पाळी?” मेकॅनिक म्हणाला. “अशानं तुम्ही माझ्या पोटावर पाय देणार बघा.”

“जाळी बुजली आहे. फुंकून पाहिलं, ब्रशही मारला. धूळ हलत नाही.”

मेकॅनिकने जाळीवरून नख ओढले. नखाखाली तपकिरी, मेणासारखे काहीतरी आले. ते त्याने हुंगले.

“ही नुसती धूळ नाही काका. धूळ एका फुंकरेत उडते. घरात सिगारेट कोण ओढतं?”

हाच प्रश्न छातीच्या डॉक्टरांनी विचारला होता. पत्नी तेव्हा शेजारीच, नाकाला नळी लावून पडली होती. तिने आयुष्यात सिगारेटला हात लावला नव्हता.

“मी,” ते तेव्हा म्हणाले होते तसेच म्हणाले. “पण खिडकीत उभा राहून. धूर बाहेर जातो.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतले होते. मुलीला ते पटले नव्हते. ‘आईला हे तुमच्या धुरानं झालंय,’ असे ती दवाखान्याच्या जिन्यात म्हणाली. ‘पुरावा दाखव,’ ते म्हणाले. तेव्हापासून ती दर रविवारी येई, त्यांची औषधे टेबलावर ठेवी आणि घोटभर पाणीही न पिता निघून जाई.

मेकॅनिकला यातले काहीच ठाऊक नव्हते.

“बाहेर जातो?” त्याने जाळी उजेडात धरली. “मग हा आत कुठून आला?”

घरी येऊन त्यांनी स्पिरिटच्या कापसाने जाळीची एकेक फट पुसली. सतरा बोळे तपकिरी झाले, अठरावा पांढरा निघाला. पंखा बसवून यंत्र सुरू केले. वीस मिनिटे झाली. चाळीस झाली. तास उलटला, तरी पडदा उजळलेलाच. चार महिन्यांच्या खटपटीला यश आले होते, आणि ते पडद्याकडे पाहतही नव्हते. ते संगणकाच्या डब्याकडे पाहत होते. तो टेबलावर होता, तिच्या खुर्चीच्या डावीकडे, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला.

ती गेल्या दिवसापासून खणात पडलेले पाकीट त्यांनी काढले. एक सिगारेट पेटवून कपड्यांच्या चिमट्यात पकडली आणि चिमटा खिडकीच्या कठड्यावर ठेवला, जिथे त्यांचा हात टेकलेला असे तिथेच. मग ते तिच्या खुर्चीत बसले. आजवर प्रथमच. मनगटावरचे घड्याळ डोळ्यांसमोर धरले.

धूर आधी सरळ वर चढला. मग वाऱ्याची झुळूक आली आणि तो वाकला. आत.

पहिला वास आला तेव्हा अकरा सेकंद झाले होते.

एका मापावर त्यांनी कधी साधा तराजूही पास केला नव्हता. त्यांनी दुसरी सिगारेट लावली. बारा.

तिसरी चिमट्यात असताना दाराच्या कुलपात किल्ली फिरली. मुलगी उंबऱ्यातच थांबली. तिला आधी वास आला, मग आईची खुर्ची दिसली, मग खुर्चीतले ते.

“बाबा! परत सुरू केलंत?”

“दार लाव,” ते घड्याळावरून नजर न काढता म्हणाले. “वारा बदलतो.”

“तुम्हाला काही वाटतं का हो?”

“दार लाव, बाळ. एवढं एकच माप राहिलंय.”

तो आवाज ऐकून तिने दार लावले. झुळूक आली. धूर कठड्यावरून उतरला, टेबलावरून सरपटत आला, आणि संगणकाच्या पंख्याची घरघर चालली होती तिथवर पोहोचला. त्यांनी घड्याळ खाली केले, वही पुढे ओढली आणि सुवाच्य अक्षरात लिहू लागले. औषधांची पिशवी हातात तशीच धरून मुलगी त्यांच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली आणि वाचू लागली.

“दोष : वीस मिनिटांनी बंद पडणे.

निरीक्षण : खिडकीपासून खुर्चीपर्यंत धूर पोहोचण्यास लागणारा वेळ. अकरा सेकंद. बारा सेकंद. अकरा सेकंद.

कारण : धूर बाहेर जात नव्हता.”