न वाजलेली घंटा

"हे स्मारक मुलींचं आहे की रेक्टरबाईंचं?" शिल्पकाराने विचारलं.

स्टुडिओतल्या टेबलावर पसरलेला आराखडा ताईंनी स्वतःकडे ओढला आणि मधल्या ओळीवर बोट ठेवलं. काळ्या दगडाची भिंत, तिच्यावर होस्टेलच्या आगीत गेलेल्या मुलींची नावं, मधोमध त्याच होस्टेलची विजेची घंटा, आणि घंटेखाली ओळ: 'ही वेळेवर वाजवली असती, तर या जगल्या असत्या.'

शिल्पकाराला नुसती नावं हवी होती. नावं आणि बसायला दगडी बाकं. येणाऱ्याने मुली आठवाव्यात, कोणाचा राग डोक्यात घेऊन घरी जाऊ नये, असं त्याचं म्हणणं. पालक समितीतल्या दोघा-तिघांना ते पटलंही होतं. पण समितीच्या अध्यक्षा ताई, आणि एकुलती एक लेक गमावलेल्या बाईसमोर तोंड उघडायचं कोणी? ताईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. इथे तर दगडही काळाच होता.

"नुसती बाकं ठेवलीत तर लोक गप्पा छाटत बसतील," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पर्समधून काचेची छोटी चौकट काढली. आत लाल लोकरीचा एकच मोजा होता, घोट्याशी दोन पांढऱ्या रेघा. त्यांनी स्वतः विणलेला. लेकीच्या पत्र्याच्या ट्रंकेत एवढाच सापडला, दुसरा तिच्याबरोबर गेला, असं त्या प्रत्येक सभेत सांगायच्या आणि अख्खी सभा रडायची. आता तो घंटेशेजारी बसवायचा होता.

दारात रेक्टरबाई येऊन उभ्या होत्या. कधी आल्या ते कोणाला कळलं नाही. आगीनंतर गावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. कोपऱ्यावरचा दुकानदारसुद्धा सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवायचा.

होस्टेलात खाली त्यांची खोली, तिथे बटण; वर मुलींच्या मजल्यावर घंटा. धूर दिसताच आपण बटण दाबलं, हे त्या चौकशीत सांगून सांगून थकल्या होत्या. तारा जळून गेलेल्या, त्यामुळे सिद्ध काहीच होईना. आणि वाचलेल्या एकाही मुलीने घंटा ऐकली नव्हती.

"माझं नाव घातलं नाहीत, उपकार झाले," त्या म्हणाल्या. "पण ती ओळ वाचल्यावर नाव कळायला किती वेळ लागणार? मी मेल्यावरही ती तिथे असेल. ताई, मी बटण दाबलं होतं. बोट भाजेपर्यंत दाबून धरलं होतं."

त्यांनी उजवा अंगठा पुढे केला. कातडी चुरगळलेली होती.

"पळताना भाजला असेल," ताई म्हणाल्या.

"ती घंटा केवढ्याने वाजायची, तुम्हाला माहीत आहे. परीक्षेच्या दिवसांत चाचणी घेऊ नका म्हणून तुम्हीच फोन केला होता."

"केला होता. लेकीच्या दारावरच होती ती. पोर रात्र रात्र जागायची, दुपारी जरा डोळा लागला की ती बोंबलायची. ऐकलंत का माझं?"

"नियम होता, ताई."

"मग नेमक्या त्या दिवशी नियम कुठे गेला?"

रेक्टरबाईंनी हात जोडले. ताईंनी मान वळवली आणि शिल्पकाराला, पण दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, सांगितलं की न्याय दिल्याशिवाय मेलेल्याला मान देता येत नाही. बाकी सगळी नुसती फुलं. रेक्टरबाई गेल्या. जाताना त्यांनी दार आवाज न करता ओढून घेतलं.

शिल्पकाराला फार वाईट वाटलं, पण काम सोडण्याची त्याची ऐपत नव्हती. त्याने घंटा पुढे ओढली. ती आजच पोलिसांच्या गोदामातून आली होती, पोत्यात बांधलेली, काजळीने माखलेली. ताईंना ती लख्ख हवी होती. त्याने मधला स्क्रू फिरवला आणि वरची वाटी उचलली.

आत काहीतरी ठासून कोंबलेलं होतं, वाटीवर आपटणारा टोला जागचा हलणार नाही असं. त्याने ते चिमट्याने ओढून काढलं आणि टेबलावर झटकलं. काजळी उडाली. खाली लाल लोकर होती, आणि घोट्याशी दोन पांढऱ्या रेघा.

ताईंनी चौकट उघडली, आतला मोजा काढला, दोन्ही मोजे एकावर एक ठेवून, दोरीवरून काढलेल्या कपड्यांची करतात तशी नीट घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि चेन ओढली.

"मोजा नको," त्या म्हणाल्या. "घंटा पुरे. आणि ती ओळ जरा खोल कोरा. लांबून वाचता आली पाहिजे."