चौथी हाक

"दानेश्वरी बिराजदार," अनिलकुमारनं माइकवरून नाव पुकारलं आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. वैजयंतीनंही वाजवल्या.

ती चौथ्या रांगेत खिडकीशी बसली होती. विद्यापीठाच्या प्रकाशन विभागानं सहा लेखिकांची सहा नवी पुस्तकं एकाच दुपारी लोकांपुढं आणायची ठरवली होती. पाहुणा वगैरे कुणी नव्हता. जिचं पुस्तक तिनंच वर यायचं आणि तिनंच पुस्तकावरचा कागद सोडायचा, असा विभागाच्या अनिलकुमारचा बेत. दोघींचे कागद सोडून झाले होते. बाहेर लिंबाखाली ऊन हलत होतं, डोक्यावरचा पंखा एका सुरात गुणगुणत होता, आणि वैजयंतीचं मन केव्हाच उठून गेलं होतं.

दानेश्वरी. किती छान नाव, तिला वाटलं. ही कोण असेल? तिला एक पोर दिसली. परकर खोचून बोरी नदीच्या कोरड्या वाळूत खड्डा उकरत बसलेली. ओंजळभर पाणी लागलं की ती त्यात आपलं तोंड बघायची. पाणी गढूळ असायचं, मग निवळेपर्यंत थांबायची. वैजयंतीही तिच्याबरोबर थांबली.

"दानेश्वरी बिराजदार! 'बोरीची वाळू' या कथासंग्रहाच्या लेखिका," अनिलकुमार पुन्हा म्हणाला. तो तिला चेहऱ्यानं ओळखत नव्हता, सगळं बोलणं फोनवर झालेलं. आणि ही बाई पहिल्या रांगेत राखून ठेवलेली खुर्ची सोडून मागं चौथ्या रांगेत येऊन बसलेली, आपल्याला कुठं ते शोभतं म्हणून.

लोक माना वळवून बघायला लागले. वैजयंतीनंही मान वळवून पाहिलं.

शेवटच्या रांगेत तिचा नवरा सिद्धप्पा बसला होता. त्यानं कपाळावर हात मारला. अडतीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या दिवशी, ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'वैजयंती' हे नाव त्यानंच काढलं होतं. त्या दिवशी तिचं माहेरचं नाव संपलं. सासरी ती वैजयंती झाली, पुढं वैनी, मग काकू, आता आज्जी. तो स्वतः नुसतं 'अगं' म्हणायचा, तेवढ्यावर संसार झाला. आणि आता या बाईनं पुस्तकावर घातलं ते दानेश्वरी, बापानं ठेवलेलं. बायको लेखिका झाली याचं त्याला अप्रूप होतं, पण हे त्याला टोचत होतं. येताना रिक्षात त्यानं तोंड फुगवून विचारलंच होतं, "मी ठिवल्यालं नाव काय वंगाळ हुतं व्हय?"

"चांगलंच हाय की," ती म्हणाली होती. "पन ह्या गोष्टी तिच्या हायत."

"दानेश्वरी बिराजदार!" अनिलकुमारनं तिसऱ्यांदा पुकारलं. मग हातातलं लाल कागदातलं पुस्तक त्यानं टेबलाच्या कडेला सरकवून ठेवलं. "बाई आलेल्या दिसत नाहीत. त्यांचं पुस्तक आपण पोस्टानं पाठवू. आता पुढच्या लेखिका..."

सिद्धप्पा गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. क्षणभर त्यानं तसं ठरवलंही. बसलीय ना वैजयंती होऊन, तर बसू दे. पण तिची मान अजून मागंच वळलेली होती. सगळ्या सभागृहात ती त्या दानेश्वरीला शोधत होती, भाबडेपणानं, कौतुकानं. तो चेहरा त्यानं पाहिला. तो उठून उभा राहिला.

"दानेश्वरी!"

भुसार दुकानाच्या गल्ल्यावरून आयुष्यभर हाका मारलेला गळा तो. पंख्याच्या गुणगुणण्यावरून ती हाक पार नदीच्या वाळूपर्यंत गेली. पोर दचकून उठली.

"बंदेऽ, अप्पा!" वैजयंती ओरडली. आले, अप्पा. लहानपणी बापाला द्यायची तशीच कानडीतून ओ. ओ तोंडातून निघाली तेव्हा ती उभी होती आणि सगळं सभागृह हसत होतं. ती ओशाळली, मग तीही हसली. साडीच्या निऱ्या एका हातानं उचलून ती मधल्या वाटेनं जवळजवळ पळतच व्यासपीठावर गेली.

तिनं कागद सोडला. पुस्तकाला शाईचा आणि खळीचा वास येत होता. अनिलकुमारनं दोन शब्द बोला म्हणून माइक पुढं केला.

"तीनदा ऐकलं मी," ती म्हणाली. "म्हटलं, कोन बाई असंल ही. लई नशिबाची दिसती. तिला हितं सगळी बोलवायलीत."

या वेळी कुणी हसलं नाही.

खाली आल्यावर ती पहिल्या रांगेत गेली नाही. मागं सिद्धप्पाच्या शेजारी येऊन बसली आणि पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं मुखपृष्ठावरच्या नावावरून बोट फिरवलं. तांदळावर काढलेलं अक्षर बोट लागलं की मोडतं. हे मोडत नव्हतं.

"अवो," ती हळूच म्हणाली. "परत एकदा म्हना की."

सिद्धप्पानं इकडंतिकडं पाहिलं. या वयात तो लाजला. मग तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "दानेश्वरी."

तिनं लगेच ओ दिली नाही. तिला ते आणखी थोडा वेळ ऐकायचं होतं.