आईच्या हातून

“काकी, दुसरा कोणी रिपेरवाला माहीत आहे का?” दिपिकाने दारातूनच हळू आवाजात विचारलं. शेजारच्या घरातली सून ती. काल दुपारी लाइट गेली, संध्याकाळी आली, पण तिचा कॉम्प्युटर काही सुरू झाला नाही.

कृष्णाबाईने ओठांवर बोट ठेवलं. तरी पुढच्या खोलीतल्या खाटेवरून आवाज आलाच.

“आण इकडे.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. अख्ख्या गास गावातले बंद पडलेले कॉम्प्युटर आजवर कृष्णाबाईच्या मुलाच्या, कल्पेशच्या दुकानातच यायचे. पावसाळ्याआधी एका सोसायटीत कॅमेरे लावताना तो शिडीवरून पडला, मान मोडली आणि मानेखालचं शरीर त्याचं ऐकेनासं झालं. तेव्हापासून त्याच्यासमोर कॉम्प्युटरचं नाव काढायचं नाही, असा घरात नियमच झाला होता. नियम कृष्णाबाईचा. कल्पेशला कोणी विचारलं नव्हतं.

दिपिकाने सीपीयू आणि स्क्रीन आणून खाटेशेजारच्या स्टुलांवर मांडले, वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. दिवा लागला, आत काहीतरी घरघरलं आणि लगेच सगळं गप्प झालं.

“आई, तू उघड.”

“मी?”

“मी उघडते ना दादा,” दिपिका म्हणाली.

“तू नको. तुझा कॉम्प्युटर आहे, तुझे हात थरथरतील.”

“मना नाय जमायचं रं,” कृष्णाबाई म्हणाली. “मोडलं बिडलं तर?”

“मोडलं तर माझ्या नावावर.”

आयुष्यभर भाताची लावणी केलेली बाई ती. स्क्रू ड्रायव्हरसुद्धा विळ्यासारखा मुठीत धरला. पण स्क्रू निघाले, पत्रा सरकला. कल्पेश मान वळवून बघत होता. आत बघताना त्याच्या कपाळाला अशी आठी पडली की कृष्णाबाईला वाटलं, झालं, चुकलंच आपलं. उगाच उघडलं.

“ती हिरवी पट्टी दिसते? तिचे दोन्हीकडचे कान बाहेर दाब. आली वर? पुसून परत बसव. कट आवाज आला पाहिजे.”

कट आवाज आला. दिपिकाने बटण दाबलं. पुन्हा दिवा, पुन्हा घरघर, पुन्हा गप्प.

मग त्याने पॉवर सप्लायच्या वायरी काढून परत लावायला सांगितल्या. तेही झालं. तसंच गप्प.

कल्पेशने डोळे मिटले. हातांबरोबर कामही गेलं की ते अजून आपल्याकडे आहे, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. कामही गेलंच, हे त्याला कळलंय असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“घेऊन जा,” तो म्हणाला. “नालासोपाऱ्याला दाखव कोणाला तरी.”

दिपिकाने वायर काढायला हात घातला. कृष्णाबाईने तो धरला. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण पोराचा हा चेहरा तिला रात्रभर बघावा लागणार होता, दिपिकाला नाही.

“आनखी एकदा बग की रं. मी धरते ना, तू सांग.”

कल्पेशची नजर छताच्या पंख्यावर गेली.

“वरचा पंखा बंद कर,” तो शेवटी म्हणाला. “आणि कोणी बोलू नका. दाब बटण.”

घरघर झाली. त्या घरघरीच्या आत, अगदी बारीक, टिक टिक झालं आणि थांबलं.

“मधला छोटा पंखा फिरतोय का बघ.”

“फिरत नाय. थरथरतो नुस्ता. आत कायतरी हाय.” आणि तिने बोट पुढे केलं.

“वायर काढ आधी!” कल्पेश ओरडला. “अक्कल आहे की नाही? किती वेळा सांगायचं!”

कृष्णाबाई दचकून मागे झाली. एकदाही सांगितलं नव्हतं त्याने. पण हा ओरडा जुना होता, दुकानातला, मदतनिसांवर काढायचा. पावसाळाभर तो फक्त ‘हो’ आणि ‘नको’ बोलला होता. तिला बोलणी खाऊन कधी एवढं बरं वाटलं नव्हतं.

वायर काढून तिने केसातली पिन घातली आणि पंख्याच्या पात्याखालून तांदळाचा दाणा काढला. लाल कुंकवाने माखलेला.

दिपिकाने जीभ चावली. “खंडेनवमीला आडवा ठेवून पूजा केली होती. अक्षता टाकल्या वरून.”

“मूठभर टाकल्यास?” कल्पेश म्हणाला. “एक दाणा पत्र्याच्या जाळीतून आत गेला, कुंकू ओलं असेल, कुठेतरी चिकटून राहिला. पूजेनंतर तू मशीन बंदच केलं नसशील, पंखा फिरत होता तोवर काही झालं नाही. लाइट गेली, पंखा थांबला, हा नेमका पात्यात पडला. पंखा फिरला नाही तर मशीन स्वतःच बंद होतं. लाव वायर.”

पंखा फिरला. स्क्रीन उजळली. दिपिकाने आनंदाने कृष्णाबाईचे खांदे धरले. “काकी, कमाल केलीत!”

कल्पेश फिरणाऱ्या पंख्याकडे बघत होता. दिपिका कॉम्प्युटर घेऊन गेली. कृष्णाबाईच्या बोटांना धूळ आणि कुंकू लागलं होतं. ती मोरीकडे वळली.

“आई.”

“काय रं?”

“माझेपण धू.”

ती घमेल्यात पाणी घेऊन आली. चादरीवर पडून पडून गोरे, मऊ झालेले ते हात तिने एकेक करून पाण्यात घेतले, साबण लावला आणि कामावरून आलेल्या माणसाचे धुवावेत तसे, बोटांच्या बेचक्यांतून घासून घासून धुतले.